हीट पंपाला रजई

आमच्या घरात एक नियम आहे : थंडी पडली की घराबाहेरची प्रत्येक वस्तू झाकायची. का, ते विचारायचं नाही. (लहानपणी मी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल मलाच कानटोपी घातली गेली.)

तरी मी हट्टाने घरात हीट पंप आणायला लावला. कारण साधं होतं. कोळशाची जुनी शेगडी ज्या खोलीत ठाण मांडून बसली होती, ती खोली मला हवी होती. आत्याच्या घोरण्याशेजारी परीक्षेचा अभ्यास होत नाही. बाबांनी आठ दिवसांची मुदत दिली. घर गरम झालं नाही तर शेगडी परत खोलीत आणि मी परत आत्याकडे.

"हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो," मी समजावलं. "उन्हाळ्यात उलटा चालतो, आतली बाहेर टाकतो."

"बाहेर उष्णता असती तर मी आत कशाला बसलो असतो?" बाबा म्हणाले.

"फ्रिजच्या मागे हात लावून बघा. गरम लागतं ना? ती आतल्या भाज्यांतून काढलेली उष्णता. गार वस्तूतही उष्णता असतेच."

"तुझ्या डोक्यात मात्र जरा जास्तच आहे," आत्या म्हणाली.

तीन दिवस घर छान उबदार. चौथ्या दिवशी सकाळी चहा कपात ओतेपर्यंत गार. मी बाहेर धावले. भिंतीलगतचा पंपाचा डबा बाबांच्या रजईत गुरफटलेला, वरून आत्याची शाल, तीही गाठ मारून.

"अगं, उघड्यावर उभा होता बिचारा," आत्या म्हणाली.

"आत्या, तो हवा ओढतो. तुम्ही त्याचं नाक दाबलंय." मी रजई ओढून काढली आणि तरातरा आत येऊन रिमोटने मशीन पुन्हा चालू केलं.

पंधरा मिनिटं झाली, तरी घर गारच. बाबांनी फोन उचलला. "बास झालं. शेगडी बसवणाऱ्याला बोलावतो."

माझा पारा चढला. (घरात तेवढाच चढला होता.) "शेगडी येणार नाही. मी खोली सोडणार नाही. आणि का ते विचारल्याशिवाय यापुढे तुमचं काहीही ऐकणार नाही," रिमोट टेबलावर आपटत मी म्हणाले.

बाबांनी फोन खाली ठेवला. आत्याही पुढे सरकली. भाषण लागू पडलं म्हणायचं.

मग लक्षात आलं, दोघं माझ्याकडे नाही, रिमोटच्या पडद्यावरच्या बर्फाच्या चिन्हाकडे बघत होती. मघाशी घाईघाईत मी बटण दाबलं होतं ते कूलिंगचं. आणि गेली पंधरा मिनिटं आमचा हीट पंप घरातली उरलीसुरली ऊब इमानेइतबारे बाहेर फेकत होता.