देवाजीभाऊंची फॉरवर्ड लाइन

आमच्या गावच्या लाकूड डेपोत सागाची नवी थप्पी लागली, की सगळ्यात खालच्या रांगेतल्या पाच ओंडक्यांवर देवाजीभाऊ निळ्या खडूने डेपोच्या हॉकी टीमची फॉरवर्ड लाइन लिहीत. लेफ्ट आऊट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन, राइट आऊट. प्रत्येकाच्या खाली त्याचा दोष. एकदा नागपूरचा एक ठेकेदार तो माल घेऊन गेला आणि आठ दिवसांनी त्याने विचारून पाठवलं, की ‘लेफ्ट इन, आळशी, पाय उचलत नाही’ ही सागाची कोणती जात.

देवाजीभाऊ डेपोत मोजणीदार होते. ओंडक्याची लांबी आणि घेर घ्यायचा, हातोडा उलटा धरून ठोकायचं, आवाजावरून आत पोकळ आहे का ते ओळखायचं आणि ग्रेड लिहायची. माणसांनाही ते हेच लावत. राइट इन दिसायला सरळ, पण आतून पोकळ. राइट आऊटला मधोमध गाठ. सेंटर फॉरवर्ड म्हणजे डेपोच्या साहेबांचा मेहुणा. त्याच्या ओंडक्यावर फक्त ‘जळाऊ’ लिहिलेलं असे. साहेब तिकडून जाताना मान वळवून घेत.

मी त्यांचा शेजारी. भाताच्या मिलमध्ये काट्यावर बसतो, म्हणून ते मला काटेबाबू म्हणत. डेपोच्या टीमचा सामना असला, की कोणाकडे चेंडू किती वेळा आला आणि त्याचं पुढे काय झालं, याची मी वही ठेवत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं. मोजल्याशिवाय मला खेळ दिसत नाही.

देवाजीभाऊंना रागावलेले नसताना मी दोनदाच पाहिलं. त्यातल्या एका वेळी ते तापाने पडले होते. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा गावात कोणी आनंद केला, कोणी तक्रार केली. भाऊ तीन दिवस एकच बोलत होते. “अर्धी फॉरवर्ड लाइन त्या जिल्ह्यात गेली. विचारलं का कोणी मले?”

सामन्यात ते नेहमी समोरच्या टीमच्या गोलमागे उभे राहत. आपले फॉरवर्ड अंगावर येताना तिथूनच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. “पाठीमागून तर बैलबी बरा दिसते, काटेबाबू. माणूस समोरून पाहा लागते.” आणि मग सत्तर मिनिटं शिव्या. दोन्ही पंचांना, मैदानावरच्या मुरमाला, मेहुण्याला. “अबे, डावीकडं दे. डावा हात नाई का तुले? जेवतानी वाढतेत तवा तर दोन्ही हात पुढं येतेत तुये.”

डावीकडे दलसू असे. आलापल्लीच्या पलीकडच्या एका माडिया गावातला, बावीस-तेवीस वर्षांचा गडी. डेपोत ओंडके ओढायला रोजाच्या हजेरीवर होता. पावसाळ्यात डेपोचं काम थांबलं, की त्याचा रोजही थांबायचा. बूट दिले तर हातात घेऊन धावायचा. राहायचा डेपोच्या झोपडीत, पण संध्याकाळचं जेवण देवाजीभाऊंकडे. भाऊंची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी चामोर्शीला दिलेली. त्यामुळे दोघंच रांधत आणि भिंतीच्या अलीकडे मला सगळं ऐकू येई. “भात कमी काऊन घेतला? उद्या सामना हाय. पोटात काही नाई तर धावशीन कशानं, माझ्या नावानं?” दलसू फार तर “हव, भाऊ” म्हणे.

आता माझा भाऊंवर राग कशाचा होता ते सांगतो.

चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीची टीम दरवर्षी आमच्याकडे खेळायला येई. त्यांचे सेक्रेटरी चांगला खेळाडू दिसला की खाणीत पक्की नोकरी देऊन घेऊन जात. निवडीआधी ते देवाजीभाऊंना विचारत, कारण भाऊंची ग्रेड चुकत नाही हे पाच-सहा गावांना ठाऊक होतं. सलग दोन वर्षं त्यांनी दलसूबद्दल विचारलं. दोन्ही वर्षं भाऊंनी ओंडक्यावरचा खडू दाखवला. ‘बी ग्रेड. खांदा वाकडा.’ दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी जागा भरायची म्हणून आमच्या पोकळ राइट इनला घेऊन गेले. तो आज पक्क्या नोकरीत आहे.

त्या मोसमाची माझी बेरीज अशी होती. सहा सामने. मेहुण्याकडे चेंडू एकशे बारा वेळा, गोल चार. दलसूकडे एकतीस वेळा, गोल नऊ. आणि तो राइट इन शेवटच्या तीन सामन्यांत एकदाही गोलसमोरच्या वर्तुळात शिरला नव्हता. मी वही घेऊन भाऊंच्या अंगणात गेलो. दलसू विहिरीवर गेला होता.

“भाऊ, हे आकडे बघा.”

“मले आकडे नका दाखवू. मी डोळ्यानं पाह्यलं हाय.”

“मग बी ग्रेड कसं लिहिलंत? खांदा कुठे वाकडा आहे त्याचा?”

ते चुलीत फुंकत राहिले. मग म्हणाले, “ए ग्रेडचं काय होते, काटेबाबू? हातोडा लागला की टरकावर चढते. वीस वर्षं पाहून राह्यलो. बेस माल गेला मुंबईले, गेला नागपूरले. आपल्या जिल्ह्याले काय ठेवलं? जळाऊ. एक माणूस लपवून ठेवला मी, तर तुमाले काऊन झोंबते?”

“तो लाकूड नाही. पावसाळ्यात चार महिने रिकामा बसतो. तुम्ही खोटं माप लिहिलंत, भाऊ.”

मी काट्यावरचा माणूस. मोजणीदाराला हे वाक्य कसं लागतं, हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच मी ते बोललो. भाऊंनी फुंकणी खाली ठेवली आणि आत गेले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडे शिव्या चालू होत्या, पण त्यांत माझं नाव नव्हतं.

पुढच्या मोसमात सेक्रेटरी पुन्हा आले. मीही थप्पीजवळ उभा होतो. त्यांनी विचारलं, “काय देवाजीभाऊ, लेफ्ट आऊट अजून बी ग्रेडच का?”

भाऊंनी दलसूला हाक मारली. त्याला पाठमोरा उभा केला आणि बोटांच्या पेरांनी त्याच्या पाठीवर ठोकलं, ओंडक्यावर ठोकतात तसं, कान जवळ नेऊन. दलसू हसत होता. मग भाऊंनी ओंडक्यावरची जुनी अक्षरं तळहाताने पुसली आणि ‘ए’ लिहिला. इतका दाबून, की खडू मोडला.

“मागं माप चुकलं होतं,” ते म्हणाले. मग लगेच सेक्रेटरींच्या अंगावर गेले. “हजेरीवर नेसान तर पाय मोडीन तुमचे. पक्की नोकरी, पयल्या दिवसापासून. कागद दाखवा पयले. अन् फुकट नाई देत मी.”

अर्धा तास घासाघीस झाली. बदल्यात आमच्याच गावचा, पण खाणीच्या टीममध्ये बेंचवर बसणारा एक सेंटर फॉरवर्ड सुट्टी काढून आमच्याकडून खेळणार आणि वर गोलकीपरचे नवे पॅड, असं ठरलं. कागद मी दोनदा वाचला. बरोबर होता.

दलसू गेल्यावर भाऊ माझ्याशी बोलू लागले, म्हणजे मलाही शिव्या देऊ लागले. नवा सेंटर फॉरवर्ड, पॅडचे पट्टे, माझी वही, कशालाच सोडलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून मात्र आवाज येईना. एकदा ते रेडिओला ओरडले, “भात कमी काऊन घेतला?” असं मला वाटलं. चूक माझ्या कानाची असेल. ओंडक्यांवर आता चारच नावं येत. आमच्याकडे नवा लेफ्ट आऊट होता, पण पाचवा ओंडका कोराच राही. मी विचारलं, तर म्हणाले, “ओला हाय तो. खडू लागत नाई.”

मग खाणीची टीम आली. त्या दिवशी देवाजीभाऊ नेहमीच्या जागी नव्हते. आमच्याच गोलमागे उभे होते. मी जाऊन म्हटलं, “भाऊ, बाजू चुकली का? आपले फॉरवर्ड तिकडे जाणार.”

“मले मालूम हाय कोण कुठी जाते ते. उभा राहू द्या.”

दलसूच्या पायात आता बूट होते. मध्यंतराच्या जरा आधी तो डाव्या बाजूने निघाला आणि आमच्या दोन खेळाडूंना मागे टाकून आत आला. सरळ भाऊंच्या समोर. चेंडू गोलमध्ये शिरला, मागच्या फळीवर आपटून उसळला आणि फाटक्या जाळीतून भाऊंच्या पायाशी आला. भाऊंनी आमच्या फुलबॅकला त्याच्या आजोबांपर्यंत शिव्या घातल्या. मग चेंडू उचलून सदऱ्याच्या टोकाने पुसला. आमचा गोलकीपर हात पुढे करून उभा होता. त्याला न देता त्यांनी तो दलसूच्या हातात ठेवला.

“मारायले उशीर केला,” ते म्हणाले. “जेवला का?”

“नाई, भाऊ.”

“मंग सामना झाला की घरी ये. भात जास्त टाकला हाय.”