पुठ्ठ्यावर या!

आमच्या मंडळात कुणी शिंकलं तरी बसप्पाण्णा विचारायचे, "ह्याचा जेकार्डशी काय संबंध?"

मंडळ म्हणजे आम्ही सोलापुरातले सात-आठ नक्षीवाले. चादरीवर मोर उठवायचा तर जेकार्डच्या मागाला तो भोकांच्या पुठ्ठ्यांतून सांगावा लागतो. एक भोक चुकलं की मोराला तिसरा पाय फुटतो. असल्या चुकांवर चर्चा करायला आम्ही सुट्टीच्या संध्याकाळी एका हॉटेलच्या माडीवर जमायचो. अण्णा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. त्यांना अध्यक्ष कुणीच केलं नव्हतं, त्यामुळे काढताही येत नव्हतं.

कुणी सिनेमाचं किंवा पोराच्या परीक्षेचं काढलं की अण्णा कपावर चमचा वाजवत. "पुठ्ठ्यावर या!" देशात आणीबाणी लागली तेव्हा आम्हाला फारसं नवल वाटलं नाही. आमच्याकडे अण्णा आधीपासून होते.

गंमत अशी, की विषयांतरापेक्षा त्यावरचं भांडणच जास्त लांबायचं. एकदा कुणीतरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची तारीफ केली. चमचा वाजला. मी म्हणालो, "अण्णा, उद्या कणसाची नक्षी काढायची झाली तर?" झालं! ज्वारी विषयात बसते की नाही, यावर चहावर चहा झाले. मोराचा तिसरा पाय तसाच राहिला.

मग नरसय्याच्या पोरीचं लग्न जमलं. नरसय्या आमच्यातला सगळ्यात अबोल, पण त्या दिवशी त्याच्या पोटात काही राहत नव्हतं. "अण्णा, जावई लई चांगला—" एवढ्यात चमचा वाजला.

नरसय्या ताडकन उठला. "पोरीचं लगीन काय पुठ्ठ्याला भोकं पाडून सांगू काय तुमाला?"

आम्ही सगळेच त्याच्या बाजूने झालो. तिथल्या तिथे ठरलं, आजपासून आधी पोटभर गप्पा, मग जेकार्ड. अण्णांनी चमचा बशीत ठेवला. नरसय्यानं जावयाच्या नोकरीपासून जेवणावळीपर्यंत सगळं सांगितलं. मजा आली, खोटं कशाला बोलू?

मंडळ उठल्यावर अण्णांची एक रीत होती. वर ज्याला गप्प केलं, त्याच्याबरोबर ते सायकल हातात धरून त्याच्या घरापर्यंत चालत जायचे आणि त्याचं राहिलेलं सगळं ऐकायचे. आम्हाला वाटायचं, रुसवा काढतायत. त्या दिवशीही ते नरसय्याजवळ गेले. "चला, येतो तुमच्यापर्यंत. मांडवाचं काय ठरलं?"

"सांगितलं की वर सगळं!" नरसय्या हसत सायकलवर बसला आणि गेला. बाकीचेही पांगले.

"वरच बोलून संपवलं तर खाली कोण थांबतंय?" अण्णा मला म्हणाले. "म्हणून तर चमचा वाजवायचो. बायको गेल्यापासनं घराला कुलूप हाय. ते काय बोलतंय?"

अण्णांना मूलबाळही नव्हतं.

सायकल माझ्या बाजूला वळवून त्यांनी विचारलं, "तुमचं काय राहिलंय का सांगायचं?"

माझं काहीच राहिलं नव्हतं. "राहिलंय की," मी म्हणालो आणि सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यापासून सुरुवात केली. अण्णा रंगून ऐकत होते. मी जरा थांबलो की कानडीत विचारायचे, "मुंदे?" म्हणजे पुढे?

चालता चालता माझं घर आलं. मी तिकडे पाहिलंच नाही आणि सासूबाईंचा दुसरा गुडघाही दुखायला लावला.