आधी झटक, मग पाय घाल!

शाहीन आपांच्या घरून निघताना तुम्हाला आपली चप्पल सरळ पायात सरकवता येत नाही. आधी ती उचलायची, उलटी करून फरशीवर दोनदा आपटायची, नीट बघायची आणि मगच पायात घालायची. "आधी झटक, मग पाय घाल!" हे त्या फौजदाराच्या आवाजात सांगतात. आता माझी चप्पल म्हणजे दोन पट्टे आणि एक तळ. त्यात विंचवाला लपायचं म्हटलं तरी तो बिचारा कुठं लपणार? पण आपांशी वाद घालायची कुणाची टाप नाही. कन्नड तालुक्यातल्या डोंगरी खेड्यांत त्यांनी नर्सबाई म्हणून उभी हयात काढली आहे.

निवृत्त झाल्यावर त्या पुंडलिकनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. एकट्याच असतात. नवरा गेला, एकुलती एक मुलगी तबस्सुम दुबईला. प्रत्येक गोष्टीत आपांना आधी संकट दिसतं. मी वडे नेऊन दिले की विचारणार, "तेल दुसऱ्यांदा तापवलेलं नाय ना?" पाहुणा जिना उतरायला लागला की वरून ओरडणार, "तिसरी पायरी फुटकी हाय, सांभाळून!" ती पायरी दुरुस्त होऊन चार वर्षं झाली.

आणि म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले. झालं असं की माझ्या लेकीच्या, ईश्वरीच्या म्हणजे आमच्या इशूच्या, शाळेनं नववीच्या मुलींसाठी गौताळ्याच्या जंगलात पाच दिवसांचं शिबिर काढलं. दिवसभर डोंगर तुडवायचे, रात्री तंबूत झोपायचं, फोनला रेंज नाही. ऐकूनच मी ठरवलं, पाठवायचं नाही. तिचे बाबा नांदेडला बदलीवर. त्यांनी तिकडून फोनवर ऐटीत 'जा की!' म्हणून टाकलं. म्हणजे नाही म्हणून वाईट कोण होणार? मी! मग मी विचार केला, आपांच्या तोंडून दोन सापांच्या गोष्टी ऐकल्या की पोरगी आपणहून माघार घेईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

कसलं काय! आपांनी इशूला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "गौताळा? लई झकास जागा! बस इथं. वही काढ." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू. सॅकमध्ये दहा किलो ज्वारी भरून इशूनं रोज सकाळी तीन मजले वीसदा चढायचे-उतरायचे. तळमजल्यावरचे कुलकर्णी काका तिला रोज विचारायचे, "काय गं, गिरणी बंद होती का?" बूट घ्यायला आपा आम्हाला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेल्या, तेही मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतात. जाडे मोजे चढवून इशूला दुकानाच्या पायऱ्यांवर इतक्यांदा वर-खाली केलं की दुकानदार वैतागला. "खाला, बूट घ्यायचेत का जावई पसंत करायचाय?" आपा म्हणाल्या, "जावई चावला तर पोरगी माघारी येती. बूट चावला तर डोंगरात कुठं येणार?"

मग इशूच्या डोळ्यांवर ओढणी बांधून सॅक भरायची, उपसायची. "अंधारात टॉर्च कुठंय ते हाताला ठावं पायजे." औषधांच्या पुड्यांवर त्यांनी चित्रं काढली. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांना त्या वर्षानुवर्षं अशीच औषधं देत आल्या होत्या. एका पुडीवरचं चित्र बघून इशूनं विचारलं, "आपा, हे मडकं कशाला?"

"मडकं नाय गं बयो, पोट हाय ते! जुलाबावरची गोळी."

इशू हसून लोळली. ती रोज तयार होत होती आणि माझी झोप रोज थोडी उडत होती. विंचू चावला तर काय करायचं, पाय मुरगळला तर काय, वाट चुकली तर कुठं थांबायचं, तिला सगळं पाठ. मला त्यातलं फक्त चावला, मुरगळला आणि चुकली एवढंच ऐकू यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपा शेवटची तपासणी करायला खाली आल्या. सामान चटईवर मांडून एकेक वस्तू वहीशी ताडून बघितली. मग शाळेच्या कागदांची फाइल उघडली.

"पालकांचं संमतीपत्र. सही कुठंय?"

इशूनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आई? सहीशिवाय बसमध्येही चढू देणार नाहीत गं!"

"राहिली असेल. करते की," मी म्हटलं. आठ दिवस तो कागद रोज हातात घेत होते आणि रोज खाली ठेवत होते.

आपांनी इशूला लोकरीचे मोजे आणायला वर पाठवलं. ती गेली आणि माझा बांध फुटला. "मला नाही जमत हो, आपा. तिला तिथं काही झालं तर? तुम्हीच तर सगळं सांगितलंत ना!"

"भ्या मला बी वाटतंय, सुनंदा. लई वाटतंय." आपा चटईवरच टेकल्या. "माझी तबस्सुम पंधराचीच होती. असंच शिबिर होतं. असाच कागद घेऊन आली. मी रोज विंचवाचे, सापाचे पेशंट बघत होते ना. फाडून टाकला कागद. वाटलं, वाचवलं पोरीला."

"रुसली असेल."

"रुसली असती तर समजूत काढली असती. पण तवापासून तिनं मला काही विचारलं नाय बघ. दुबईचं तिकीट काढलं, मग सांगितलं. निकाह ठरला, मग सांगितलं. गुणाची हाय, दर जुम्म्याला फोन करती. सांगती सगळं. विचारत नाय."

जिन्यावर इशूची पावलं वाजली. मी पेन उचलला. सही वाकडीतिकडी आली, पण केली.

आपांनी कागद फाइलमध्ये सरकवला आणि इशू आत यायच्या आधी घाईघाईनं डोळे पुसले.

"परत आली की सगळं आधी तुला सांगू दे, तुलाच विचारू दे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यातून काही उरलं, तर मग पाठव तिला वर."