गोटे निवडणाऱ्या सुगरताबाईंची हकीकत

श्रीभूमातेस नमन करून, थकल्या मनें घडलें तैसें लिहितों. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरीं, पौषमासीं मँगनीजच्या एका खाणीवर नवें यंत्र आलें. तोंपर्यंत चालत्या पट्ट्याजवळ चाळीस बाया बसत आणि खरा, धातूचा गोटा ठेवून फोल गोटा हातें काढून टाकीत. त्यांत मुख्य सुगरताबाई उईके, एकतीस वर्षें त्याच जागीं बसल्या. यंत्र ऐसें कीं, किरणांनीं गोट्याच्या पोटांत पाहावें आणि फोल असेल तो वाऱ्याच्या झोतानें उडवून द्यावा. परंतु खरें कोणतें, फोल कोणतें, हें त्यास आधीं शिकविणें प्राप्त. मग खाणीचे सरसुभे त्र्यंबकराव यांणीं बाईंस बोलावून आज्ञा केली, "हजार खरे, हजार फोल निवडून द्या. एकीचेंही काम जाणार नाहीं, हा आमचा शब्द."

बाई पट्ट्यावर परतल्या, तों शेजारीण फुलनबाई मडावी बोलिली, "तू याले शिकवशीन, आन् मंग आपुन कुठी जावाचं? फोल गोटे खऱ्यांत मिसळून दे. यंत्र चुकीचं शिकन."

बाईंनीं नकारार्थी मान हलविली आणि सात दिवस निवडीत बसल्या. दोन वेळां फोल गोटा खऱ्यांच्या राशीवर धरिला, आणि दोन्ही वेळां मागें घेतला. यंत्र शिकलें, उत्तम चालिलें. मग फाल्गुनांत वरून हुकूम आला, अकरा बाया ठेवाव्या, बाकीच्यांस निरोप द्यावा. बाई सरसुभ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, शब्द देल्ला होता." सरसुभे खालीं पाहून बोलिले, "दिला होता खरा. माझें कोणी ऐकत नाहीं, बाई. तुमचें नांव अकरांत आहे." बाई म्हणाल्या, "माहं नाव खोडा, फुलनचं लिवा." आणि घरीं आल्या.

फुलनबाई महिनाभर बाईंच्या घराकडे फिरकली नाहीं. मग एके दुपारीं कामावरून परस्पर आली, उंबऱ्यांत बसली आणि म्हणाली, "एखादा तरी गोटा चुकवाचा होता ना वं."

"लय मनात आलं. हात सुटला नाही."

फुलनबाईनें उठून कोनाड्यांतली तेलाची वाटी घेतली, बाईंचीं सुजलेलीं बोटें आपल्या मांडीवर ओढिलीं आणि एकेक चोळूं लागली.

सारांश, यंत्र चालतें आहे, एकोणतीस बाया घरीं आहेत. वर्तमान इतकेंच.