आ करायला लावणारे डॉक्टर

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. एका लग्नाच्या पंगतीत बालुशाही तोंडाजवळ नेली, तर समोर एक अनोळखी माणूस वाकून म्हणाला, "काका, आ करा बरं."

आ केलेलाच होता. त्यानं आत बघितलं, माझ्या हनुवटीखाली तीन बोटं लावली अन् खूश झाला. "लांब मान! श्वासाला झकास वाट!" आणि सरकला पुढच्या पाहुण्याकडं.

हे उमाकांत डॉक्टर. परभणीत माझ्या लेकाच्या शेजारी एकटेच राहतात. ऑपरेशनला भूल देतात. लोक माणसाचे जोडे-कपडे बघतात, हे गळा बघतात. त्याच लग्नात आहेर देताना नवरदेवाला म्हणाले, "जबडा लहान हाय तुमचा. ऑपरेशन निघालं तर आधी मला सांगा." नवरीची आई मटकन खालीच बसली. स्टँडवर कुणी घोरायला लागलं की हे जाऊन त्याची हनुवटी वर उचलतात. तो शिव्या देतो, हे म्हणतात, "वाट मोकळी झाली!"

पुढं माझ्याच पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. "काका, कवळी हाय का?"

शेजारी माझे व्याही बसलेले. पार बोळके. त्यांना मी चारचौघांत म्हणायचो, "व्याही, तुमी आता खिमटावर राहा." माझी कवळी मी नांदेडहून गुपचूप करून आणलेली. घरातबी कुणाला पत्ता न्हाई.

"कवळी? आमच्या खानदानात ऊस दातानं सोलतात!"

व्याही म्हणाले, "सोलून दाखवा म्हटलं की नेमका उसाचा हंगाम संपलेला असतो."

डॉक्टर हसले न्हाईत. "काका, भूल दिली की जीभ ढिली होऊन मागं पडती. तिच्यामागं दोन वाटा. एक अन्नाची, एक श्वासाची. श्वासाची बोटभर. मला नळी तिथंच घालायचीय. तिथं काही सुटून पडलं तर जीवावर बेतेल."

मी मिशीला पीळ दिला. "पडायला सुटं काहीच न्हाई."

सकाळी ऑपरेशनच्या खोलीत त्यांनी सिस्टरला पाठ फिरवायला लावली. स्वतःचा धुतलेला रुमाल माझ्यापुढं पसरला. "मी लग्नातच बघितली होती, काका. आता आपण दोघंच हाय."

मी कवळी काढून रुमालावर ठेवली.

जाग आली तेव्हा कानात तोच आवाज. "काका, आ करा." दात जागेवर बसले, मगच त्यांनी दार उघडलं. घरचे सगळे ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडायला लागले. उमाकांत डॉक्टर भिंतीला टेकून उभे.

"तुमाला कुणी काहीच म्हणत न्हाई?" मी विचारलं.

"माझी ओळख होईस्तोवर माणूस झोपतो, काका. उठला की मोठ्या डॉक्टरांना शोधतो. म्हणून मी लोकांना जागेपणीच गाठतो. लग्नात, स्टँडवर." आणि माझी चादर नीट करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात दिसले. व्याही म्हणाले, "हे आता कशाला? ऑपरेशन तर मोठ्या डॉक्टरांनी केलं."

मी कवळी काढली, व्याह्यांच्या हातावर ठेवली, आणि उमाकांत डॉक्टरांकडं तोंड करून मोठ्ठा आ केला.