साऱ्याइले का मलेच?

गोदाबाईला सरकारी दवाखान्यात साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, "आजपासून गोड बंद." बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "हे साऱ्याइले हाय का मलेच?"

डॉक्टर नवा पोरगा होता. त्याला वाटलं बाई थट्टा करते. थट्टा नव्हती. बाहेर बाकावर जेवढे साखरेवाले बसले होते, त्या प्रत्येकाला तिनं जाऊन विचारलं, तुमचंही गोड बंद केलं का म्हणून. सगळ्यांचं बंद होतं. "मंग चालते," म्हणाली आणि निवांत घरी गेली.

हे तिचं पहिल्यापासून असंच. एस.टी.त कंडक्टर म्हणाला मागं सरका, की सरकायच्या आधी हा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत रोडग्यावर तूप कमी पडलं, की आधी शेजारच्याच्या पत्रावळीत डोकावणार. त्याच्याही रोडग्यावर कमी असलं तर हिची काही तक्रार नाही, कोरडा खाईल. तिची लेक अकोल्यात दिली आहे. मे महिन्यात तिथं रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. मी म्हटलं, कशा राहता हो तिकडं उन्हाळ्यात? म्हणे, "ऊन साऱ्याइले हाय भाऊ. त्याचं काई नाई."

एकदा आम्ही ऑफिसातले लोक मोझरीच्या आश्रमात गेलो होतो. तिथं सगळे एका ओळीत बसले, एकाच बादलीतून वाढलं. येताना बाई गाडीत गप्प. मी विचारलं, "तब्येत बरी नाई का?"

"बरी हाय. आज इचाराचं कामच नाई पडलं."

मी अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात माळी होतो. शिक्षण चौथी, पण ते सांगायला मला लाज नाही. माझ्या शेवंतीसमोर उभं राहून साहेब लोक फोटो काढत आणि ती चौथीत शिकवत नाहीत, बारावीतही नाही. गोदाबाई त्याच ऑफिसात झाडूकामाला. ती पक्क्या नोकरीतली. तिच्या हाताखालच्या दोघी मात्र ठेकेदाराच्या, आज आहेत उद्या नाहीत अशा. ऑफिसात गोदाबाईचं नावच पडलं होतं 'साऱ्याइले'. बाबू लोक तिला येताना पाहून हसायचे. ती म्हणायची, हसू द्या, दात साऱ्याइलेच हाय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

ऑफिसात बायांचं एक बाथरूम होतं. त्याला कुलूप. किल्ली हेडक्लार्क बाईंच्या ड्रॉवरात. ऑफिसातल्या बाया मागून नेत, परत ठेवत. गोदाबाईला ती किल्ली सकाळी मिळायची, धुण्यापुरती. धुऊन झालं की परत द्यायची. मग दिवसभर गोदाबाईनं आणि त्या दोघींनी जायचं कुठं, तर रस्ता ओलांडून एस.टी. स्टँडवर. का, ते कोणी बोललं नव्हतं. जातीचं नाव कोणीच घेतलं नाही, नुसतं कुलूप लावलं.

इतकी वर्षं बाईनं हेच एक विचारलं नव्हतं. एवढं दिवसरात्र विचारणारी बाई, पण ही गोष्ट तिच्या तोंडातून निघायची नाही. शरमेची गोष्ट होती. पण साखर झाल्यावर माणसाला घडीघडी जावं लागतं. उन्हाळ्यात एक दिवस ती माझ्या वाफ्याजवळ चक्कर येऊन बसली. मी माठातलं पाणी आणलं तर पेला हातानं बाजूला सारला.

"पानी पेलं की मंग जा लागते भाऊ. म्या सकाळपासून पेलंच नाई."

माझं डोकं फिरलं. फाटकाजवळ नवी पाटी लागली होती. येथे कोणाशीही भेदभाव केला जात नाही, तसे आढळल्यास समितीकडे लेखी तक्रार करावी. मी तिला ओढतच पाटीपाशी नेलं आणि मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं ऐकलं आणि विचारलं, "हे साऱ्याइले लिवलं का..."

"साऱ्याइले. तुमीबी त्यात."

तक्रार मी लिहिली. 'जे बाथरूम आम्ही धुतो त्यात आम्हास जाता येत नाही. पाटीवर लिहिले तसे करावे किंवा पाटी काढावी.' खाली तिनं सही केली. सही तेवढी तिला येते. त्या दोघी म्हणाल्या, मावशी, आमचं नाव नका टाकू, ठेकेदार हाकलून देईन. नाव टाकलं नाही.

आवकचा बाबू कागद वाचून मला म्हणाला, "विषय नाही, संदर्भ नाही. असा अर्ज असते का? उद्या या."

मी म्हटलं, "विषय तुमच्या समोर उभा हाय."

तेवढ्यात एक ठेकेदार आला, कागद दिला, शिक्का मारून घेतला, गेला. गोदाबाईनं ते पाहिलं आणि समोरच्या स्टुलावर बसली. "बाबू, उद्या या हे साऱ्याइले म्हन्ता का मलेच?" बाबूनं रजिस्टरात डोकं घातलं. ती दर थोड्या वेळानं तेच विचारायची, आवाज न चढवता. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत त्यानं शिक्का मारला.

समितीपुढं आम्हा दोघांना बोलावलं, मी साक्षीदार. साहेब पुण्याकडचे होते. आमची बोली ऐकली की त्यांना वाटायचं आम्ही भांडतो. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "तसं काही नाही सर. स्वच्छतेचा प्रश्न आहे. मग घाण होते."

गोदाबाई म्हणाली, "बाई, घान काढतं कोन?"

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"सायेब, माया वाफ्यापुढंच ते दार हाय. तिथं कोन जाते आन् कोन जात नाई, हे मले नाई दिसन तं कोनाले दिसन?"

साहेब भला माणूस, पण घाईत होता. म्हणाले, बाईंना आजार आहे, त्यांना जादाची किल्ली देऊन टाका आणि विषय संपवा. किल्ली तिथंच टेबलावर आली. गोदाबाईनं ती उचलली, फिरवून पाहिली.

"सायेब, हे साऱ्याइले हाय का मलेच?"

"नाही नाही, फक्त तुम्हालाच."

मी टेबलाखालून तिला कोपर मारलं. घ्या ना बाप्पा, म्हटलं, एवढं पाणी न पिता दिवस काढले. बाईनं किल्ली परत टेबलावर ठेवली. "मंग राहू द्या. बाहेर दोघी हाय माया. त्याइले सोडून म्या कशी जाऊ?"

साहेब त्या किल्लीकडं पाहू लागले. हेडक्लार्क बाई पंख्याकडं.

आदेश वगैरे काही निघाला नाही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी दारावर कुलूपच नव्हतं. त्या दिवशी दुपारी गोदाबाईनं माझ्या माठातलं पाणी दोन पेले प्यायलं, माझ्यासमोर, सावकाश.

आता आम्ही दोघंही रिटायर. ती आमच्याच गल्लीत एका खोलीत एकटी राहते. आमची मंडळी भरीत केलं, कढी केली की मला वाटी घेऊन पाठवते. दारातच गोदाबाईचा प्रश्न तयार. मी बेधडक सांगतो, गल्लीत साऱ्याइले वाटली. खरं सांगितलं तर वाटी त्या किल्लीसारखी परत येणार, हे मला ठाऊक.

मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला. लेकीला अकोल्याहून निघता येईना. संध्याकाळी मी वाटीत मऊ खिचडी घेऊन गेलो, उशाशी ठेवली. गोधडीतूनच आवाज आला, "साऱ्याइले देल्ली का मलेच?"

मला त्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला. म्हातारपणी तेही जड जातं.

"तुमालेच. मुद्दाम तुमच्यासाठी केली."

ती उठून बसली. "मलेच?"

"हो."

"दुसऱ्या कोनालेच नाई?"

"नाई."

मी वाटी परत घ्यायला हात पुढं केला होता. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, मांडीवर ठेवली आणि वरून पदर झाकला.

"मंग सांगू नका कोनाले," म्हणाली.