कडी बाहेरून

राजानंद समन्वयक झाल्यापासून जालना शहरातल्या मुलांचे शाळेनंतरचे वर्ग जवळजवळ बंदच पडले होते.

आधी ते आपापल्या परीनं चालत. कुठल्या शाळेत कबड्डी, कुठल्या समाजमंदिरात तबला, कुठे चित्रकला. कोणी कोणाला विचारत नसे आणि मुलं मात्र रोज येत. हा गोंधळ पुण्याच्या एका संस्थेला बघवला नाही. तिनं सगळ्या वर्गांत समन्वय आणि सुधारणा करण्यासाठी राजानंदला नेमलं. राजानंद त्याआधी गावोगाव बियाणं विकायचा. उगवलं नाही तर जमिनीचा दोष, हे तो इतक्या गोड भाषेत सांगे की शेतकरी त्यालाच चहा पाजून वाटेला लावत.

सुधारणा करायची तर चर्चा हवी, चर्चेसाठी बैठक हवी, आणि सगळे शिक्षक हमखास मोकळे सापडतात ती वेळ म्हणजे संध्याकाळची. वर्गही त्याच वेळी भरत. त्यामुळे रोज संध्याकाळी शहरभरातले शिक्षक जुन्या जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसून मुलांच्या प्रगतीची चिंता करत, आणि शिक्षकांना शोधत आलेली मुलं बाहेर मैदानात हुंदडत.

शनिवारी संस्थेच्या प्रियदर्शनी मॅडम पाहणीला येणार होत्या. राजानंदची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी ठरणार होतं. म्हणून शुक्रवारी त्यानं शिक्षकांचा उत्साह वाढवायला खास प्रशिक्षण ठेवलं. दोघा-दोघांनी समोरासमोर उभं राहून पोटांच्या मध्ये एक फुगा धरायचा आणि तो न फोडता हॉलभर चालायचं.

"मी कोणाच्या पोटाला फुगा लावणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते," कबड्डीच्या बेबीनंदाताई म्हणाल्या. त्या मूळच्या वडीगोद्रीच्या. चढाईला आलेला गडी एका हातानं परत पाठवायची त्यांची ख्याती होती.

"ताई, यानं विश्वास वाढतो."

"माझा हाय तेवढा बास हाय."

तेवढ्यात दार ढकलून कबड्डीच्या संघाची कप्तान, आठवीतली मोनाली डोकावली. "सर, आमची कबड्डी कवा घेणार?"

"तुमच्याच कबड्डीबद्दल तर बोलून राह्यलो आम्ही!" राजानंद पोटावरचा फुगा सावरत म्हणाला.

पण मोनाली गेली की दुसरं डोकं, ते गेलं की तिसरं. फुगे बघून तर सगळं मैदानच दारात जमलं. आतली कडी तुटलेली होती. राजानंदनं वैतागून मोनालीला हाक मारली. "बाहेरून कडी घाल. मी आवाज दिल्याशिवाय कोणी कितीही म्हणलं तरी काढायची न्हाई. समजलं?"

"बराबर समजलं, सर."

कडी पडली. शांतता झाली. फुगे पुन्हा चालू लागले, आणि बाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली.

राजानंदनं खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि त्याचं पोटच आत गेलं. फुगा खाली पडला. प्रियदर्शनी मॅडम एक दिवस आधीच उतरल्या होत्या.

"कोणी आवाज करायचा न्हाई!" तो कुजबुजला.

"काहून? पोरीला कडी काढायला सांगा की," बेबीनंदाताई म्हणाल्या.

"आणि बाहेर जाऊन काय सांगू? वर्गाच्या वेळेला सगळे शिक्षक फुगे घेऊन कोंडून बसलेत म्हणून?"

तबल्याचे अप्पाराव कोपऱ्यातून क्षीण आवाजात म्हणाले, "सर, मला शुगर हाय. तुमच्या बैठकीतला चहाबी लई झालाय. माझ्याच्यानं जास्त दम धरवणार न्हाई."

"अप्पाराव, शहराच्या भवितव्याचा प्रश्न आहे!"

"माझाबी प्रश्नच हाय, सर."

बाहेर मॅडम थक्क होऊन उभ्या होत्या. मोनाली लहान पोरींना पाय पकडायला शिकवत होती. एक पोरगा तेलाच्या डब्यावर ताल धरून चौघांना गायला लावत होता. व्हरांडाभर विटकरीच्या तुकड्यांनी बैल, रेल्वे आणि मास्तर काढून झाले होते.

"तुम्हाला हे कोण शिकवतं?" मॅडमनी विचारलं.

"आमचं आम्हीच," मोनाली म्हणाली. "सर मीटिंगमध्ये असतेत. रोजच."

मॅडमनी फोन काढला, आणि हॉलमध्ये राजानंदच्या खिशात सनई वाजू लागली. त्यानं झडप घालून फोन उचलला.

"कुठे आहात?"

"नवीन जालन्यात मॅडम, स्टेशनजवळच्या सेंटरवर."

"आवाज घुमतोय तुमचा."

"सेंटर मोठं आहे."

"मी इथे शाळेच्या मैदानात थांबलेय. लगेच या."

ज्या माणसापासून आपण भिंतीएवढ्याच अंतरावर आहोत, त्याच्याकडे लगेच कसं जायचं, हा प्रश्न राजानंदला याआधी कधी पडला नव्हता. मागच्या खिडकीचा एक गज निघालेला होता. त्यानं डोकं बाहेर काढलं. बाकीचा समन्वयक बेबीनंदाताईंनी ढकलला. सदऱ्याचा खिसा शेजारच्या गजाला अडकून राहिला आणि राजानंद नळाखालच्या चिखलात पडला. नवीन जालन्याहून यायला वेळ लागतो, म्हणून तो भिंतीआड शेळ्यांच्या संगतीत काही काळ बसून राहिला आणि मग धापा टाकत फाटकातून आत शिरला.

"लई ट्रॅफिक होतं, मॅडम!"

मॅडमनी त्याच्या चिखलाकडे पाहिलं. मोनालीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "सर, तुम्ही भायेर कसे आले? मी तर कडी काढलीच न्हाई!"

त्याच क्षणी आतून दारावर धडाधड थापा पडू लागल्या. "पोरी, कडी काढ! इज्जतीचा सवाल हाय!"

"न्हाई, अप्पाराव सर. तुमचा आवाज चालत न्हाई. राजानंद सरांचा पाहिजे."

मॅडमनी स्वतः कडी काढली. अप्पाराव नमस्कारही न करता शाळेच्या मागे पळाले. त्यांच्यामागे दारात शहरातला सगळा शिक्षकवृंद फुगे धरून उभा होता.

"यांना कोणी कोंडलं?"

"सरांनीच सांगितलं," मोनाली म्हणाली.

सगळे राजानंदकडे बघू लागले. गेली नोकरी, असं त्याला वाटलं. पण न उगवणारं बियाणं विकण्याची इतक्या वर्षांची तपश्चर्या अशा वेळी माणसाला सोडून जात नाही.

"मुद्दामच, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "मोठ्यांना कोंडलं की मुलं फुलतात. प्रयोग होता. आधी सांगितलं असतं तर तुम्हाला खरा परिणाम दिसला नसता."

मॅडम मैदानाकडे वळल्या. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "राजानंद, हे पुण्यात कोणाला सुचलं नसतं."

महिन्याभरात राजानंद जिल्हा समन्वयक झाला. अंबड, भोकरदन, सगळीकडे शिक्षकांना संध्याकाळी कोंडायचं ठरलं, आणि कडी नीट लागते का हे पाहायला प्रत्येक तालुक्यात एक उपसमन्वयक आला.

"आम्ही आत बसून काय करायचं?" बेबीनंदाताईंनी विचारलं.

"तुम्हाला प्रशिक्षण आहे ना," राजानंद म्हणाला.

राहता राहिली मुलं. ती आपल्या मनानं खेळतात हे आता सिद्ध झालं होतं. तेव्हा त्यांनी आपल्या मनानं कधी, कुठे आणि किती वेळ खेळायचं याचं वेळापत्रक आलं. मग छाती-पाठीवर 'मी मुक्त आहे' छापलेले टी-शर्ट आले. ते न घालता कोणी मुक्त खेळताना दिसलं तर त्याला घरी पाठवायचा नियम आला.

आता शाळेचं मैदान संध्याकाळी अगदी स्वच्छ आणि शांत असतं. मुलं दोन गल्ल्या पलीकडे, बियाण्याच्या एका जुन्या गोदामामागच्या पडीक जागेत खेळतात. तिथं मोनाली रोज कोपऱ्यावर एका पोरीला पहाऱ्याला बसवते आणि बजावते, "समन्वयक दिसला का जल्दी आवाज दे. एक दिसला तरीबी दे. मागून अजून येतेत."